साक्षीदार दात

"बाई, तुमचा स्वच्छ दात सगळ्यात मळका निघाला," हलकेराव म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर जरासा हसला. हलकेराव म्हणजे प्रयोगशाळेतलं लेसरचं यंत्र चालवणारा माणूस. वजन शंभराच्या पुढे, पण पावलांचा आवाज नाही, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. शनिवारची सकाळ होती, अर्ध्या दिवसाची सुट्टी तोंडावर आली होती, आणि एकशे वीस दातांचा ट्रे यंत्रातून नुकताच बाहेर निघाला होता. दातांतलं शिसं मोजणारी ती चष्म्याची काच पदराने पुसत बसली होती. तिनं चष्मा न लावताच पडद्याकडे पाहिलं, आणि धूसर दिसत असूनही एक रेघ बाकीच्या सगळ्या रेघांच्या वर गेलेली तिला कळली. यंत्र बिघडलं असेल, ती म्हणाली. हलकेरावनं मान हलवली. त्यालाही आधी तसंच वाटलं होतं, म्हणून त्यानं तो दात तीनदा चालवून पाहिला होता, मध्ये काच बदलून, हवा मारून. तिन्ही वेळा रेघ तिथेच. शिसं, आणि तेही असं की बॅटऱ्यांच्या गल्लीतल्या पोरांनी याच्यापुढे हात टेकावेत. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो यंत्रावरची नसलेली धूळ पुसू लागला.

तिच्या कामाची रीत तिनंच घालून दिली होती. त्या एकशे वीस दातांपैकी साठ आजच्या मुलांचे होते, बॅटऱ्या फोडून शिसं काढणाऱ्या गल्ल्यांमधून आरोग्य खात्यानं गोळा केलेले. एक्केचाळीस जमिनीतून आलेले. गावाबाहेर तीनशे वर्षांपूर्वी धातू गाळणाऱ्यांची वस्ती होती, तिच्या दफनभूमीत उत्खननवाल्यांना सापडलेले. अठरा पोलिसांनी पाठवलेले, ज्यांची ओळख पटली नाही अशा प्रेतांचे. हा माणूस लहानपणी कुठे वाढला, काय पाणी प्याला, एवढं जरी दातानं सांगितलं तरी तपासाला दिशा मिळते. दात खोटं बोलत नाही असं पोलिसांना वाटे. तिलाही वाटे. आणि या सगळ्यांत एक दात साक्षीदार म्हणून बसवायचा: प्रयोगशाळेतल्याच कुणाच्या तरी घरातला, ज्याचं बालपण स्वच्छ असल्याची खात्री आहे असा. साक्षीदाराची रेघ तळाशी सपाट आली की यंत्र नीट चालतंय असं समजायचं. तो जर वाकडा गेला तर सगळा ट्रे बाद. एवढी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या घरून असा दात मिळत आला होता. या खेपेला कुणाकडेच शिल्लक नव्हता, म्हणून तिनं आपला घातला. ती जन्मली तेव्हा वडील छापखान्यात लागलेलेही नव्हते. तिच्या दुधाच्या दातांत शिसं असण्याचं काही कारणच नव्हतं.

दात मागितले तेव्हा आई आधी म्हणाली, नाहीत. कुठले आता, इतक्या वर्षांचे. ऐंशी वर्षांची बाई, तिला कशाला डिवचा म्हणून विषय तिथेच सोडून दिला. आठ दिवसांनी सकाळी तिच्या ताटाशेजारी खोकल्याच्या गोळ्यांची जुनी डबी होती, कडा गंजलेली, आत कापूस आणि कापसात सात-आठ दात. आई म्हणाली, बघ, निघतंय का काही. म्हातारपणी माणसाला कशाचंही कुतूहल वाटतं, असं मनाशी म्हणत तिनं डबी पर्समध्ये टाकली होती आणि प्रयोगशाळेत येऊन वरचा एक दात चिमट्यानं उचलला होता. परक्याचा दात असता तर तिनं त्याला भिंगाखाली दहा मिनिटं उलटसुलट फिरवला असता. मुलगा की मुलगी, वय काय, झीज कुठे. घरच्या डबीत हात घालताना ती कुणी अभ्यासक नव्हती, तिच्या आईची मुलगी होती. आईनं दिलंय ते आपलंच, इतकं साधं. विद्यार्थ्यांनी अशी चूक केली असती तर तिनं त्यांची बिनपाण्यानं केली असती.

आता तिनं तो दात भिंगाखाली धरला. मधोमध उभा कापलेला, पुढचा वरचा, डावा. टोकाचा एक कोपरा उडालेला होता. हे तिनं कापतानाही पाहिलं होतं आणि करवतीनं टवका उडाला असेल असं धरून चालली होती. करवतीनं उडालेल्या टवक्याची कड धारदार असते. ही कड गुळगुळीत होती. मेल्यावर तुटलेलं आणि जिवंतपणी तुटलेलं यांतला फरक ती गेली तीस वर्षं न्यायालयात सांगत आली होती: जिवंतपणी तुटलं असेल तर त्यानंतर तो माणूस जेवलेला असतो, बोललेला असतो, ओठांनी कड घासून घासून मऊ झालेली असते. छापखान्याच्या मागच्या दाराला लोखंडी पायरी होती. त्या पायरीवर धाकटा तोंडावर आपटला होता, चार वर्षांचा असताना, आणि रडायच्या ऐवजी तुटलेला तुकडा जमिनीवर शोधत बसला होता. पुढे दोन वर्षं तो त्या अर्ध्या दाताने हसत असे. मग तो दात पडला, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी तोही गेला. तिच्या बोटांत चिमटा होता, चिमट्यात तिचा भाऊ होता, आणि समोर हलकेराव विचारत होता की चहा सांगू का. सांगा, ती म्हणाली. चहा नको होता, पण नको म्हणायला कारण सुचेना.

छापखान्यात वडील अक्षरं जुळवत. शिशाचे खिळे, एकेक अक्षर कोरलेले, लाकडी पेटीतल्या घरांमधून उचलून ओळी बांधायच्या. छपाई झाली की तेच खिळे सोडवून परत आपापल्या घरात टाकायचे, पण घाईत ते मिसळून जात, आणि असे मिसळलेले खिळे वडील पिशवीतून घरी आणू लागले. ती तेव्हा पाच वर्षांची असेल. आई जमिनीवर चादर अंथरी, खिळ्यांचा ढीग ओती आणि दिवसभर निवडत बसे. बोटं करडी होत, चादर करडी होई. झिजलेलं अक्षर पटकन ओळखू येत नसे; ते आई बाजूला ठेवण्याऐवजी ओठांत धरी, शिवणारी बाई टाचण्या धरते तसं, आणि ढीग संपत आला की एकेक काढून उजेडात पाही. त्यामुळे आईशी बोलायला गेलं की आईचे ओठ मिटलेले असत आणि ती फक्त हुंकार देई. पोट पुढे आलं तरी ती तशीच बसे, फक्त पाठीला उशी घेई. त्या पोटात तो होता. पुढे तो तीन वर्षांचा झाला, किरकिऱ्या होता, काही केल्या गप्प बसत नसे, आणि त्याला सांभाळायचं काम तिच्यावर आलं. तिनं त्याला एक खिळा दिला. तोंड पार झिजून गेलेला, कुठल्याच अक्षराचा न राहिलेला. आईच करते की असं, तिनं विचार केला असेल, किंवा काहीच केला नसेल. नऊ वर्षांचं पोर किती विचार करणार. त्यानं तो तोंडात घातला आणि गप्प झाला. तिनं स्वतः तो आधी चाखून पाहिला होता. थंड होता, आणि शेवटी किंचित गोड. तो खिळा पुढे तीन वर्षं त्याच्याजवळ होता.

दवाखान्यातली भिंत अर्धी हिरवी, अर्धी पांढरी होती. त्याला झटके येऊन गेले होते आणि तो डोळे उघडे ठेवून पडला होता. डॉक्टरांनी हिरड्या दाबून पाहिल्या, वडिलांना विचारलं, काम काय करता, आणि मग सगळ्यांनाच उद्देशून विचारलं की हा तोंडात काय घालतो. वडील आपल्या चपलांकडे पाहत राहिले. आई म्हणाली, "हिनं दिलाय त्याला खिळा. चोखत असतो. हिनंच दिलाय." बोट दाखवलं नव्हतं, नुसती मान वळवली होती. पण त्या खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कपाटाजवळ उभ्या असलेल्या नर्सनंसुद्धा. ती बारा वर्षांची होती आणि तिच्या वेणीची रिबन सुटली होती. चौथ्या दिवशी तो गेला. आईनं ते वाक्य त्यानंतर कधी उच्चारलं नाही. उठता-बसता बोलली असती तर त्याची धार गेली असती, भांडता आलं असतं, निदान रडता आलं असतं. आईनं तिला शिकवलं, परगावी पाठवलं, आजारपणं काढली, तिच्या लग्नाचं जमलं नाही तेव्हा एका शब्दानं बोल लावला नाही; आणि ते वाक्य घरात तसंच पडून राहिलं, चव्वेचाळीस वर्षं, कुणी न उचललेलं. परिषदांमध्ये लोक विचारत की या विषयाकडे कशा वळलात. मार्क चांगले होते, ती सांगे, आणि लोक हसत.

चहा आला. तिनं पडद्यावरची रेघ मोठी करून घेतली. दात टोकाकडून मुळाकडे घडत जातो आणि घडताना रक्तात जे असेल ते थराथरानं साठवतो. पुढच्या दाताचा आरंभ आईच्या पोटातच होतो. जन्माच्या दिवशी त्यात एक बारीक काळसर रेघ उमटते, कारण जन्म म्हणजे शरीराला बसलेला धक्काच. रेघेच्या एका अंगाला पोटातले महिने, दुसऱ्या अंगाला जगातले. तिनं ती जन्मरेघ शोधली. हाताला सवय होती, अर्ध्या मिनिटात सापडली. शिसं जन्मरेघेच्या अलीकडेच चढलेलं होतं. नुसतं चढलेलं नव्हे, शिगेला पोचलेलं. तो जन्मला तेव्हाच भरलेला जन्मला होता. त्यानं अजून डोळे उघडले नव्हते, त्याला अजून हातच वापरता येत नव्हते, खिळा धरणार कशानं. धातूवाल्यांच्या वस्तीत अशीच एक जोडी सापडली होती, आई आणि तिच्या कुशीतलं मूल. त्यांच्यावर तिनं निबंध लिहिला होता आणि त्यातलं एक वाक्य पुढे बऱ्याच जणांनी वापरलं: गर्भ आपली हाडं आईच्या हाडांतून घेतो, आणि तिथे जे साठलेलं असेल तेही घेतो. लिहिताना तिला ते वाक्य चांगलं जमल्याचा आनंद झाला होता. त्या दिवशी तिनं घरी जाऊन आईला मिठाई दिली होती.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एक क्षण वाटलंही. तिला चक्क हसू आलं. मग तिनं पडद्यावरची शिशाची रेघ पुढे सरकवली. दीड वर्षाच्या आसपास रेघ संपली. संपणारच होती. पुढच्या दुधाच्या दाताचं काम तेवढ्यात आटपतं, त्यानंतरचं त्याला काही ठाऊक नसतं. खिळा दिला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आईबद्दल जे सांगायचं ते दातानं स्वच्छ सांगितलं होतं, आणि तिच्याबद्दल तो काहीच बोलत नव्हता. तिला सोडवतही नव्हता, अडकवतही नव्हता. एखाद्या गल्लीतल्या बाईनं हा निकाल हातात घेऊन विचारलं असतं की मग माझं पोर गेलं कशानं, तर तिनं काय सांगितलं असतं? दोन्हींनी, असं सांगितलं असतं. आधी भरलेलं होतं, वरून भर पडली. तिला ते वाक्य नेमकं कुठल्या स्वरात म्हणायचं हेही माहीत होतं, कारण ते तिनं अनेकींना ऐकवलं होतं.

हलकेरावनं हळूच एक वाट सुचवली. साक्षीदार खराब निघाला एवढंच लिहायचं, जुन्या ट्रेमधला राखून ठेवलेला नमुना घालून सोमवारी पुन्हा चालवायचं, दात कुणाचा याच्या खोलात कशाला शिरायचं. त्याला काय कळलं होतं कोण जाणे, पण त्यानं तिच्याकडे न बघता हे म्हटलं आणि तिला त्याचा एकदम आधार वाटला. पण आरोग्य खात्यातला अधिकारी टपून बसला होता. गल्ल्यांचे आकडे बाहेर आले तर त्याला उत्तरं द्यावी लागणार होती; नोंदीत एक जरी फट राहिली तर तो साठ पोरांचे साठ निकाल बोळा करून फेकून देईल. तिनं कागद ओढला आणि लिहिलं. नमुना एकशे वीस, साक्षीदार म्हणून बाद; राखीव नमुना घालून ट्रे सोमवारी पुन्हा. नमुना संशोधकाचा स्वतःचा समजून घेतला गेला. प्रत्यक्षात संशोधकाच्या धाकट्या भावाचा, मृत्यू साडेसहाव्या वर्षी. शिशाचं प्रमाण जन्मापूर्वीपासून अति. संभाव्य स्रोत, या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. इतर शंभर ठिकाणी तिनं तो रकाना भरताना पेन उचललंही नव्हतं. तिनं लिहिलं: आई. मग रीत म्हणून पुढे घरगुती काम, खिळे निवडणे असंही लिहिलं, सही केली, आणि हलकेरावनं कागद न वाचता फाइलला लावला.

दुपारचं ऊन पांढरं होतं. घरापर्यंत वीस मिनिटांची वाट, रोजची, आणि आज त्या वाटेवरचं काही पाहवेना. एका खिडकीच्या चौकटीवरचा शिसं मिसळलेला जुना रंग पापुद्रे धरून सुटला होता आणि खाली कट्ट्यावर एक लहान मुलगी नखानं ते पापुद्रे काढत बसली होती. तिला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते कळेना. मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि बोट तोंडात घातलं. ती पुढे गेली. नळदुरुस्तीच्या दुकानाबाहेर शिशाच्या जुन्या नळ्यांची मोळी पडली होती, करडी, जड. सगळ्या जड वस्तू आज तिला ओळख देत होत्या. गेल्या महिन्यात आईच्या हाडांचा फोटो काढला होता. डॉक्टर म्हणाले होते, हाडं विरळ होत चालली आहेत, वयाचं आहे, जपा. तिनं मान डोलावली होती. हाड विरळ होतं म्हणजे त्यात जे साठलेलं आहे ते सुटतं, हे ती विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवते. पन्नास वर्षं आत दडून बसलेलं आता रोज थोडं थोडं रक्तात उतरतं. आई अलीकडे शब्द विसरते, हात कापतो, दुपारी उगीच दचकते. म्हातारपण, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पायऱ्या चढताना तिनं स्वतःचा हात समोर धरून पाहिला. कापत नव्हता. मग किल्ली काढून तिनं दार उघडलं.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, ओठ मिटून. ती नेहमी तशीच बसे, आत काही धरून ठेवल्यासारखी, आणि इतक्या वर्षांत मुलीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मांडीवर बोटं चालली होती, काहीतरी उचलून वेगवेगळ्या जागी ठेवत असल्यासारखी. चप्पल काढायच्या आत आईनं विचारलं, "आलं का दाताचं?"

"कुठल्या दाताचं?"

"त्याचा घातला होता मी डबीत. टवक्याचा. तुझ्यातच मिसळून ठेवला." आई खिडकीकडेच पाहत होती. "सगळ्या जगाच्या पोरांचं सांगतेस तू, कुणाला कुठून लागलं ते. मग आपल्याचं कळू दे की. मी जायच्या आत."

म्हणजे चूक एकटीची नव्हती. आठ दिवस आईनं विचार केला होता, कपाटातून डबी काढली होती, त्याचा दात सगळ्यात वर ठेवला होता. चव्वेचाळीस वर्षं जे वाक्य फक्त आपल्यालाच खातंय असं मुलगी समजत होती त्याची दुसरी बाजू रोज या खुर्चीत बसून होती. दवाखान्यात मान वळवली तेव्हाच आईला शंका होती. मान वळवली होती ती त्या शंकेनंच. आता फक्त म्हणायचं होतं: आई, तो यायच्या आधीच. चार-पाच शब्दांत सगळं परत करता आलं असतं, फाइलला लावलेल्या कागदासारखं, सहीनिशी. ते शब्द तिच्या जिभेवर आले. तिला राग आला होता, खरा, लहान पोराला येतो तसा. हिनं मला त्या नर्सच्या नजरेसमोर उभं केलं, तिच्या मनात आलं, आणि हिला तेव्हाही ठाऊक होतं. आईची बोटं थांबली होती.

"काही नाही निघालं, आई. स्वच्छ होता."

"जन्माच्या आधीचं कळतं म्हणे त्यात. तूच म्हणाली होतीस एकदा."

"कळतं. तेही स्वच्छ होतं."

"नक्की?"

"यंत्र तीनदा चालवलं."

आईनं मान वळवून मुलीकडे पाहिलं. मग तिचे ओठ सुटले, आणि सुटलेल्या ओठांनी तिचा चेहरा ओळखू येईना. "म्हणजे माझ्याकडून नव्हतं," ती म्हणाली. ती रडत होती, पण रडण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ओठांत धरायची मी, काय करणार, हात दोनच, असं काहीसं ती पुटपुटली आणि अर्ध्यावर विसरली. मग तिनं मुलीचं मनगट धरलं. तिचा हात हलका आणि कोरडा होता. "तूही आता मनातून काढून टाक," ती म्हणाली. "लहान होतीस गं तू. तुला काय कळत होतं."

हेच वाक्य. बारा वर्षांची असताना ऐकलं असतं तर तिनं जन्म वेगळा काढला असता. पुढे विसाव्या, तिसाव्या वर्षी तिनं ते आईच्या तोंडून निघेल म्हणून सणावाराला, आजारपणात, वडील गेले त्या दिवशी वाट पाहिली होती. ते आज मिळालं, मायेनं, मनगट धरून, आणि ते तिनं खोट्याच्या बदल्यात घेतलं होतं. आईनं तिला माफ केलं होतं. आता तो खिळा पुन्हा तिच्या एकटीचा झाला होता, आणि या वेळी तो तिनं आपण होऊन घेतला होता. हो, ती म्हणाली. आईनं मान हलवली, डोळे पुसले आणि पाणी मागितलं.

स्वयंपाकघरात तिनं नळ सोडला आणि हात धरून उभी राहिली. गल्लीतल्या बायांना ती हेच सांगत असे: नळीत रात्रभर साठलेलं शिसं आधी वाहून जाऊ द्या, पाणी गार लागलं की मग भरा. पाणी गार झालं. तरी ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग पेला भरला, उजेडाशी धरून पाहिला आणि बाहेर नेला. आईनं तो एका दमात संपवला. आज बरं वाटतंय, ती म्हणाली, आणि आणखी एक पेला मागितला.